कोपरापर्यंत हात

कागद हातात दिला की तो माणूस आधी उलटा करायचा. पुढच्या बाजूला काय छापलंय ते नंतर. मागची बाजू कोरी असली तरी डोळे बारीक करून बघायचा, अंगठ्याने घासायचा आणि मग विचारायचा, "अन् याच्यात तुमचं काय?"

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "माझं काही नाही. मी इथे झाडते."

त्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

त्याचं नाव मी लिहीत नाही. ते त्याला आवडलं नसतं. दुसरंही एक कारण आहे, ते शेवटी सांगते.

सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हुशार मुलांचा वर्ग भरायचा. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पाटीवर दोन ओळींत कसंबसं मावायचं. रिक्षावाल्यांपासून पालकांपर्यंत सगळे हुशार मुलांचा वर्गच म्हणायचे. मुलं आपापल्या शाळेत जायची आणि शनिवार-रविवार इथे यायची. चौथीतल्या मुलांची परीक्षा घ्यायची, त्यातून थोडी निवडायची आणि सातवी संपेपर्यंत शिकवायचं. परीक्षा एका वेळी एकाच मुलाची, बंद खोलीत, दीड-दोन तास. मी तिथे बावीस वर्षं मावशी होते. झाडणं, पाणी भरणं, चहा, लहान मुलांना बाथरूमला नेणं आणि कपाटांच्या चाव्या सांभाळणं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, म्हणजे त्या वर्गाच्या परीक्षेला बसण्याइतकं झालं होतं, पुढचं नाही.

हुशार मुलांचे आईबाप तुम्हीही पाहिले असतील. प्लास्टिकच्या फोल्डरात प्रमाणपत्रं लावून आणणारे. मुलाला नाव विचारलं तर स्वतः सांगणारे. आमच्याकडे आणखी एक जात यायची, मला कोपऱ्यात गाठून, पेढ्यांचा पुडा पुढे करून, खोलीत काय विचारतात ते काढून घेणारी. पुडा मी घ्यायचे. सांगायचे काही नाही.

हा त्यांच्यातला नव्हता. बाकीचे आपलं मूल आत कसं जाईल हे बघायला यायचे. हा आम्ही मुलं आत का घेतो हे बघायला आला होता.

पहिल्या शनिवारी तो जिन्यात बसला, वरून चौथ्या पायरीवर, भिंतीला टेकून. मूल बरोबर नाही, पिशवी नाही. मी झाडत खाली आले, म्हटलं, "कोण हवंय?" तो म्हणाला, "कोणी नाही. बसलो." दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. मुलं वर जाताना तो मोजल्यासारखा बघायचा, उतरताना त्यांचे चेहरे बघायचा. मला वाटलं, हा पेठेतल्या कुठल्यातरी क्लासचा माणूस आहे, आमची पोरं पळवायला पाठवलेला. तेव्हा आजूबाजूला दर दोन इमारतींमागे एक क्लास होता. तिसऱ्या शनिवारी मी त्याच्या पायरीवर बादलीभर पाणी ओतलं. तो उठून पाचव्या पायरीवर बसला.

मग बाईंनीच त्याला वर बोलावलं. बाई म्हणजे आमच्या केंद्राच्या मुख्य. परीक्षा त्याच घ्यायच्या. उंच, पांढरे केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. त्यांच्या समोर बसून त्याने खिशातून आमचाच छापील कागद काढला आणि सांगितलं, मांजरी गावातल्या शाळेत माझी मुलगी चौथीत आहे, तिच्या गुरुजींनी हा कागद दिला, तिला इथे घाला म्हणतात. कागदावर लिहिलं होतं की ज्यांना परवडत नाही त्यांची फी माफ. त्याची सगळी गाडी तिथे अडली होती.

"मले सांगा मॅडम, फुकट काहून देऊन रायले तुम्ही?"

बाईंनी देणगीदार, विश्वस्त वगैरे समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बघितलं. तिथे आमच्या जुन्या मुलांचे फोटो होते, फ्रेम करून लावलेले. कुणी परदेशात, कुणी मोठ्या संस्थेत, सगळ्यांच्या गळ्यात काही ना काही. तो म्हणाला, "हा वरचा कापूस झाला."

बाईंना ते कळलं नाही. मलाही नाही. जाताना जिन्यात मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. तो यवतमाळकडचा. पुण्यात हडपसरच्या पुढे एका कंपनीत सुटे भाग तपासायच्या कामावर होता, पण त्याआधी गावाकडे कापूस खरेदीच्या जागी आठ-दहा वर्षं काढलेली. गाडी आली की कापसाची प्रत ठरवायची. गाडीतला वरचा कापूस नेहमीच पांढरा आणि कोरडा असतो, तो बघणारा माणूस दुसऱ्या दिवशी घरी बसतो. हात कोपरापर्यंत आत घालायचा, मधला मूठभर ओढून काढायचा आणि तो बोटांनी ताणून बघायचा.

"भिंतीवर जे नाहीत त्यायचं सांगा मावशी," तो म्हणाला. "मधले."

मी सांगायला नको होतं. केंद्रातलं बाहेर बोलायचं नाही असा आम्हाला दंडक होता. पण खरं सांगते, तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. फोटोंवरची धूळ मीच पुसायचे आणि पुसताना नेहमी मनात यायचं की बाकीची कुठे गेली. त्यातली एक मला माहीत होती. मंडईत लिंबं-कोथिंबिरीच्या गाळ्यावर आईबरोबर बसायची. दोन वर्षं आमच्याकडे होती, मग तिनेच सोडलं. मी म्हटलं, "जाऊन बघा. पण माझं नाव घेतलंत तर पुन्हा या जिन्यात पाय ठेवू देणार नाही."

पुढच्या शनिवारी आला तो पिशवी घेऊन. त्यात किलोभर लिंबं. रविवारी मंडईत जाऊन आला होता आणि बोलणं वाढवायला दर दोन मिनिटांनी पाव किलो घेत होता. त्यातली निम्मी त्याने मला दिली. मला तेव्हाही वाटलं, हा लिंबं देऊन काहीतरी काढून घेणार. पण काढून घेण्याऐवजी तोच बोलत बसला. ती मुलगी म्हणाली होती की वर्ग चांगला होता, बाई चांगल्या होत्या, कुणी रागावत नसे. पण तिथून घरी आलं की तिथलं काही बोलायला घरी माणूस नसे. आई दमलेली, भाऊ हसायचे. दोन दिवस एक भाषा आणि पाच दिवस दुसरी. मग तिला वाटलं, एकच ठेवावी.

"हे तुमच्या कागदावर नाही," तो म्हणाला. त्याने कागद दोन्ही बाजूंनी दाखवला.

"हे कुठल्याच कागदावर नसतं," मी म्हटलं.

तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. चाळिशीचा असेल. दाढी वाढलेली, हात स्वच्छ, नखं बारीक कापलेली. डोळे लाल. रात्रपाळी करून थेट यायचा, हे मला नंतर कळलं.

बसल्या बसल्या तो आपल्या मुलीबद्दल सांगू लागला, आणि तेही तक्रारीसारखं. पोरगी झोपू देत नाही. घड्याळाचे काटे दिवसातून किती वेळा एकमेकांवर येतात हे विचारते, आपण सांगितलं तर ते चूक आहे म्हणते, आणि मोजल्यावर खरंच चूक निघतं. वर्गात गणित आधी करून मोकळी होते आणि मग खिडकीतून उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मोजते. गुरुजी चांगले आहेत, पण पन्नास पोरांत ते तरी काय करणार. परवा म्हणाले, हिला आता माझ्याकडे ठेवणं म्हणजे नुकसान आहे. त्या वाक्याने तो घाबरला होता. ठेवलं तर नुकसान, पाठवलं तर मंडईतल्या मुलीसारखं होणार. आणि पाचवी लागली की आमच्याकडे परीक्षाच देता येत नव्हती. जे करायचं ते त्याच वर्षी.

शेवटी फॉर्म भरला. भरताना तीन वेळा खोडलं. परीक्षेचा दिवस मिळाला.

मुलगी आली ती दोन वेण्या, शाळेचाच गणवेश, पायात बापाने पॉलिश केलेले बूट. बापासारखी बघायची, खालून वर. खोलीच्या दाराला वरच्या बाजूला काच आहे हे तिने आल्या आल्या हेरलं आणि मला विचारलं, "मावशी, इथून तुम्ही बघता का?"

म्हटलं, "मी बघत नाही. मला काम असतं."

खोटंच सांगितलं. मी थोडं बघायचेच.

आत चित्रांची वही असायची आणि लाल-पांढरे ठोकळे. वहीत जसा नमुना असेल तसे ठोकळे मांडायचे. सोपं आधी, अवघड नंतर, आणि मुलाचं ओळीने चारपाच चुकलं की बाई वही थांबवायच्या. चांगल्या मुलांची वही शेवटच्या पानांपर्यंत जायची. हिची पाव वहीतच थांबली. बाकीचे प्रश्नही तसेच. तासाभरात बाई बाहेर आल्या, डबा घेतला आणि ऑफिसात जाता जाता एवढंच म्हणाल्या की शाळेने उगाच पाठवली बिचारीला. बाप खाली चहाला गेला होता.

मुलगी बाकावर बसली होती. रडत नव्हती. पाय हलवत होती आणि सारखी खोलीच्या दाराकडे बघत होती.

"मावशी, ते ठोकळे आवरले का?"

"अजून नाही."

"मग मी एकदा आत जाऊ?"

"कशाला?"

"शेवटचा चुकीचा आहे."

म्हटलं, "चुकलं तर चुकलं. सगळ्यांचं चुकतं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच चौथीत नापास केलं. "चुकलं नाही. मी तसा ठेवलाय. बाबा म्हणाले मुद्दाम चुकव." मग जरा थांबून म्हणाली, "फार अवघड जातं. आधी बरोबर काढावं लागतं, मग ते सोडून दुसरं."

माझ्या हातात फडकं होतं. मी ते बाकावर ठेवलं.

मुलाला परीक्षेच्या खोलीत परत सोडायचं नाही, हा नियम मी कधी मोडला नव्हता. पेढेवाल्यांसाठीही नाही. पण त्या पोरीच्या पायांची चुळबुळ मला बघवेना. ती पास होण्यासाठी आत जायचं म्हणत नव्हती. टेबलावर एक चुकीचं राहिलंय, ते तिला टोचत होतं. मी दार उघडलं, तिला म्हटलं, जा, पटकन कर, आणि मी ऑफिसात जाऊन बाईंना म्हटलं, डबा नंतर खा, आधी चला.

बाई काचेतून बघत उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे, टाचा उचलून. मुलीने तो शेवटचा नमुना सरळ केला. झालं म्हणून उठेल असं मला वाटलं. तिने वहीचं पान उलटलं. पुढचा नमुना तिने पाहिलेलाच नव्हता, बाईंनी तिथवर वही नेलीच नव्हती. तोही केला. मग आणखी एक. हात भराभर चालत होते, जशी आपण ज्वारी निवडतो तसे. एका पानावर अडली, डोकं तिरकं केलं, दोन ठोकळे बदलले आणि पान उलटलं.

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी हळू. "ही चित्रं तुम्ही तिला आधी दाखवली होती का?"

त्या जागी एवढा राग मला कधी आला नव्हता. म्हटलं, "दाखवायला ती मला यायला तर हवीत. त्यातली निम्मी मला अजून जमत नाहीत. मी रात्री आवरताना करून बघते."

मग बापाने मुद्दाम चुकव म्हटल्याचं पोरीचं बोलणं त्यांच्या कानावर घातलं. बाईंनी नंतर माफी मागितली नाही. आमच्याकडे माफी मागायची पद्धत नाही.

बाप वर आला तेव्हा मुलगी बाहेर बाकावर गोष्टीचं पुस्तक घेऊन बसली होती. बाईंनी त्याला ऑफिसात नेलं आणि दार लावलं. मी पाण्याचा ग्लास ठेवायच्या निमित्ताने आत राहिले.

बाईंनी सरळ विचारलं. त्यानेही सरळ सांगितलं. त्याला बघायचं होतं की आम्ही येईल त्याला घेतो का. दुकान असेल तर कमी प्रतीचं पोर आलं तरी ठेवून घेतील, गोड बोलतील, पुढच्या वर्षी फी सुरू करतील. खरेदीच्या जागी नवा माणूस आला की शेतकरी मुद्दाम एक ओली पोटली मध्ये घालून द्यायचे, डोळे उघडे आहेत का ते बघायला. तसंच केलं.

"तुम्ही घेतलं नाही," तो म्हणाला. चक्क समाधानाने. "म्हणजे काटा खरा आहे. आता तिची खरी परीक्षा कधी घेता?"

बाई म्हणाल्या, "तीच खरी होती."

त्यांनी समजावलं. एकदा दिलेला प्रश्नांचा संच त्या मुलाला वर्षभर पुन्हा देता येत नाही, कारण मुलं लक्षात ठेवतात. वर्षभराने ती पाचवीत असेल. आणि काचेतून जे दिसलं ते निकालात लिहिता येत नाही, ती परीक्षा नव्हती.

त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान एकदम नाही गेलं. आधी तोंडावरून गेलं, मग डोळ्यांतून, मग हातांतून. हात टेबलावर होते ते त्याने मांडीवर घेतले. त्याने बाईंना विनवलं नाही. दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. हा म्हणाला, "नियम मोडू नका. माझ्यासाठी मोडाल तर आणखी कोणासाठीही मोडाल." आणि तसाच बसून राहिला. मला वाटलं, याला आता हलवून उठवावं.

मग बाईंनी सांगितलं की नियमातच एक वाट आहे. परीक्षेत काही गडबड झाली असेल तर दुसऱ्या बाईंकडून दुसरा संच देता येतो. पण गडबड काय झाली ते पालकाने स्वतःच्या हाताने लिहून, सही करून द्यायचं. खरं कारण. मूल आजारी होतं वगैरे चालणार नाही.

त्यांनी कोरा कागद पुढे केला. त्याने तो उलटा केला. मागेही कोराच होता.

कागद घेऊन तो जिन्यात आला आणि आपल्या चौथ्या पायरीवर बसला. मी झाडू घेऊन गेले. तो म्हणाला, मी आजवर कुणाला असं काही लिहून दिलेलं नाही. कंपनीतही चुकीचा तुकडा सुटला तर तोंडी सांगतो. उद्या हा कागद फिरला तर पोरीवर लबाड म्हणून शिक्का बसेल. शाळेत, पुढच्या शाळेत, कुठेही. चूक माझी आणि कागदावर नाव तिचं.

"कुठं ठेवतात हे?"

"कपाटात."

"चावी कोणाजवळ?"

मी कनवटीची चावी दाखवली. त्याने ती हातात घेऊन पाहिली, दात मोजल्यासारखी.

"दुसरी चावी?"

"बाईंकडे. त्यांना त्या कपाटाचं दार कुठल्या बाजूने उघडतं हेही माहीत नाही."

"तुम्ही वाचाल?"

"मला माझ्या सुनेची चिठ्ठी वाचायला वेळ नाही."

त्याने चावी परत दिली. मग विचारलंच. "अन् याच्यात तुमचं काय, मावशी?"

म्हटलं, "तुम्ही दर शनिवारी इथे बसता, मला जिना झाडता येत नाही. एकदाचं लिहा आणि उठा."

तो हसला की काय कळलं नाही, पण त्याने पेन मागितलं. गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. लिहिताना डावा हात आडवा धरला होता, शाळेत शेजारच्याला दिसू नये म्हणून धरतात तसा. बाईंनी वाचलं, घडी केली आणि माझ्याकडे दिली. मी कपाटात ठेवली. वाचली नाही.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाई आल्या, दुसरा संच घेऊन. त्या दिवशी मुलीने आमच्या बाईंना विचारलं, माझी परत का घेताय. बाई म्हणाल्या, आमच्याकडे सगळ्यांची दोनदा घेतात. मी चमकले. बाई कधी खोटं बोलत नसत. मला संशय आला की या आता काहीतरी लपवायला लागल्या, त्यांच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

ती वही शेवटच्या पानापर्यंत गेली. मुलगी आत आली.

नंतर त्याचं जिन्यात बसणं सुटेल असं मला वाटलं होतं. सुटलं नाही. मुलीला सोडायचा, ती सुटेपर्यंत बसायचा. आणि एक नवीन सुरू झालं. रद्दीच्या टोपलीत मुलांना दिलेल्या गणितांचे उरलेले, खराब छापलेले कागद असायचे. ते त्याने मागितले. मी म्हटलं, कशाला? म्हणाला, असेच. आता तुम्हीच सांगा, क्लासवाल्यांच्या त्या पेठेत असेच म्हणून असे कागद कोण मागतं. मी दिले, पण पाळत ठेवली. एका शनिवारी चपला काढून, आवाज न करता वरच्या वळणापर्यंत गेले आणि वाकून बघितलं. तो पेन्सिलीने ती गणितं सोडवत होता. खोडरबराने खोडत होता, पुन्हा करत होता. बरीच चुकलेली असावीत, कागद मध्ये फाटला होता.

त्याला मी दिसले. ओशाळला.

"घरी आल्यावर बोलायला माणूस पाहिजे ना," म्हणाला. "ती मंडईतली म्हणाली होती."

मी परत गेले आणि चपला घातल्या. त्यानंतर चांगले छापलेले कागदही मी टोपलीत टाकू लागले. बाईंना ते दिसत असणार. त्यांनी काही विचारलं नाही.

मुलगी सातवी संपेपर्यंत आमच्याकडे होती. तिचा फोटो भिंतीवर लागला नाही, कारण तिने कुठे बक्षीस मिळवलं नाही. तिला तिथे तिच्याशी भांडू शकणारी एक मैत्रीण मिळाली आणि दोघी जिन्यातून उतरताना अशा मोठ्याने वाद घालायच्या की खालच्या दवाखान्यातून तक्रार यायची. हा माझ्या मते बक्षिसापेक्षा बरा प्रकार होता. वर्गाचा त्या मुलीला किती उपयोग झाला ते मी सांगू शकत नाही. तो वर्ग चांगला होता का, हेही मला नक्की सांगता येणार नाही. काही मुलं फुलली, काही कोमेजली, आणि सगळ्यांना आम्ही सारखाच चहा-बिस्किटं दिली.

शेवटच्या दिवशी तो मला म्हणाला, "चाललो मावशी." एवढंच. निरोप घेणं त्याला जमत नव्हतं, मलाही जमत नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी केंद्र पेठेतून हललं, दूर कुठेतरी मोठ्या जागेत गेलं. बाई त्याआधीच निवृत्त होऊन आपल्या लेकीकडे राहायला गेल्या होत्या. नवी माणसं आली आणि म्हणाली, जुने सगळे कागद फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये घालायचे, म्हणजे कुणालाही केव्हाही सापडतील. माझीही ती शेवटचीच आठवडाअखेर होती. कुणालाही केव्हाही हे शब्द ऐकले आणि मी कपाट उघडलं. त्याचा कागद शोधायला मला वेळ लागला नाही. तो मी ब्लाउजात घातला आणि चाव्या टेबलावर ठेवून निघाले. याला चोरी म्हणतात ते मला माहीत आहे.

वाटलं, ज्याचा त्याला परत द्यावा. बसने मांजरीला गेले. जिथे उसाची शेतं होती तिथे आता इमारती, एकीसारखी दुसरी. विचारत विचारत त्यांची सापडली. दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी. शेजारीण म्हणाली, ते लोक जाऊन चार-पाच वर्षं झाली. कुठे गेले माहीत नाही, त्यांनी कुणाला पत्ता दिला नाही. फोन नंबर मागितला तर म्हणाले होते, कशाला हवा. मुलगी म्हणे पुढे खूप शिकायला गेली, कुठे ते शेजारणीलाही ठाऊक नव्हतं.

घरी आले. सून कामावर गेलेली होती. स्वयंपाकघरात उभं राहून मी तो कागद पहिल्यांदा उघडला. अक्षर मोठं, एकेक वेगळं काढलेलं.

"माझ्या मुलीला परीक्षेत मुद्दाम चुका करायला मी सांगितलं. तिने माझं ऐकलं. यात तिची चूक नाही, माझी आहे. हे मी लिहून दिलं ते तिला कळू देऊ नये. नाहीतर माझ्यामुळे तिची जागा जाणार होती हे ती विसरणार नाही. सगळ्यांची परीक्षा दोनदा घेतात असं तिला सांगावं."

खाली सही. मी ते दोनदा वाचलं. बाईंनी त्या पोरीला जसंच्या तसं तेच सांगितलं होतं, आणि मी त्यांच्यावर पाळत ठेवून बसले होते.

आणि हाच कागद घेऊन मी मांजरीला त्यांचं दार वाजवायला गेले होते. मुलीने दार उघडलं असतं तर तिच्याच हातात दिला असता, बापाची आठवण म्हणून. पत्ता न ठेवता गेला ते त्याने बरं केलं.

गॅस पेटवला आणि कागद त्यावर धरला. बोटांना चटका बसेपर्यंत धरला. राख बेसिनमध्ये धुवून टाकली. सून संध्याकाळी म्हणाली, घरात जळका वास येतोय. म्हटलं, दूध उतू गेलं.

तुम्हाला एवढं सांगितलं ते तुम्हाला त्याचं नाव माहीत नाही म्हणून. पण वाचणाऱ्यांत कुणाला ती मुलगी कोण हे ओळखू आलंच, तर तिला भेटल्यावर हा विषय काढायचा नाही. तिने विचारलं तर सांगायचं, हो, तिथे सगळ्यांची दोनदा घ्यायचे.